त्या नावाची मुलगी

२ डिसेंबर १९७९, रविवार

उपासना संपल्यावर पाळकसाहेब महिपतराव पायरीशी थांबले होते. म्हणाले, सारजाबाई, नाताळाआधी महिला मंडळाच्या तीन सभा तुम्ही घ्या. विषयही त्यांनीच दिला: प्रभूची नावं. नाताळ म्हणजे नुसत्या करंज्या आणि कागदी तारे नव्हेत, हे बायकांना तुमच्या तोंडून ऐकलेलं पटेल, असं म्हणाले. वयाने ते माझ्या धाकट्या भावाएवढे. सोलापुरात येऊन चारच महिने झालेत. एवढ्या मानाने विचारल्यावर नाही म्हणवलं नाही.

खरं तर मनातून आनंद झाला. नावं हा माझाच प्रांत आहे. या मुलींच्या वसतिगृहाची मुख्य बाई होऊन मला अठरा वर्षं झाली. ज्या मुली नाव न घेता इथे येतात, त्यांची नावं मी ठेवते. आशा, दया, कृपा, सुवार्ता. एकेक नाव शोधायला मला आठ-आठ दिवस लागले आहेत.

नाताळच्या नाटुकल्यात करुणा मरीया होणार. मोठ्या मुली थोड्या कुरकुरल्या, कारण करुणा पहिलीतली. पण तिचे उच्चार स्वच्छ आहेत. माझी कोणी लाडकी नाही, एकतीसही जणी सारख्या. करुणा माझ्या खोलीत झोपते ती दोन वर्षांपूर्वी तिला गोवर आला होता तेव्हापासून, आणि खोलीत जागा आहे म्हणून.

५ डिसेंबर, बुधवार

पहिल्या सभेसाठी ‘येशू’ हे नाव घेतलं आहे. येशू म्हणजे तारणारा. टिपणं काढताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. हे नाव मरीयेने ठेवलं नाही आणि योसेफानेही निवडलं नाही. देवदूताने आधीच सांगितलं होतं. आईबापांनी फक्त ते नाव पुढे चालवलं. बाळ जगात येण्याआधीच कोणीतरी त्याला त्या नावाने ओळखत होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि पुढे सुचेना. वही मिटली आणि मुलींच्या वेण्या घालायला गेले.

८ डिसेंबर, शनिवार

सकाळी मुली शाळेत गेल्यावर एक बाई आली. पस्तिशीची असेल. कडेवर तान्हं मूल, डोक्यावरून पदर, कपाळाला भस्माची पुसट रेघ. होटगीहून पॅसेंजरने आली होती. नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला. नाव निंगव्वा.

तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “आमची गौरव्वा हाय का हितं? दुष्काळात ठिवली हुती.”

मी तिला आत बसवलं. नोंदवही काढली, त्र्याहत्तर सालची पानं उलटली आणि सांगितलं, “त्या नावाची मुलगी आमच्याकडे नाही.”

तिने मान हलवली. हेच ऐकायची सवय असल्यासारखी. यापूर्वीही दोनदा येऊन गेले, म्हणाली. शिपायाने वही बघून असंच सांगितलं होतं. मग म्हणाली, “मेली आसंल तर तसं सांगा बाई. तेवढं कळलं तरी पुरं.”

मी म्हणाले, मला काही सांगता येणार नाही.

ती गेली. मी खोटं बोललेले नाही. त्या नावाची मुलगी आमच्याकडे नाही, हे अक्षरशः खरं आहे.

ती दोनदा येऊन गेली, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

९ डिसेंबर, रविवार

सभा चांगली झाली. चाळीसएक बायका होत्या. ‘येशू’ या नावाचा अर्थ सांगितला. मी म्हणाले, नाव म्हणजे लेबल नव्हे, ते बोलावणं असतं. आपल्याला ज्या नावाने हाक मारतात त्या दिशेला आपण वळतो. वाक्य चांगलं जमलं. मंडळातल्या सावित्रम्मांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं.

स्वयंपाकीण मुक्ताबाई सभेला आली नाही. संध्याकाळी चहाही एका मुलीच्या हाती पाठवला. एरवी आम्ही दोघी ओट्यापाशी बसून पितो.

१२ डिसेंबर, बुधवार

आज मुक्ताबाईला मीच विचारलं, काय बिनसलंय. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“बाई, दुष्काळात ती पोर घिऊन आली तवा फाटकात मी बी हुते,” म्हणाली. “तिनं नाव सांगितलेलं मी ऐकलंय. शनवारी तुमी तिला न्हाई म्हणालात. मला व्हय म्हणता आलं असतं. मी बी गप बसले. माझी भाकरी हितली हाय की.”

या वहीत लपवून काय उपयोग. लिहून टाकते.

एप्रिल त्र्याहत्तर. ओळीने दोन वर्षं पाऊस नाही. शहराबाहेर खडी फोडायची कामं निघाली होती. रोज कोणी ना कोणी पोर घेऊन फाटकाशी यायचं. ही निंगव्वा अशीच आली. अंगावरचं दूध आटलेलं, दोन महिन्यांची पोर रडायचीही थांबलेली. ती म्हणाली, हिचं नाव गौरव्वा, माझ्या सासूचं नाव आहे, सासू याच दुष्काळात गेली. पाऊस पडला की नेते. मी बरं म्हणाले, मूल घेतलं आणि आत आले.

वहीत मी लिहिलं: मुलगी, अंदाजे दोन महिने, नाव नाही, आईवडील अज्ञात.

तेव्हा माझ्याकडे कारण होतं. येतो म्हणून गेलेल्यांपैकी कोणीच परत येत नव्हतं. आईबाप नोंदले की मूल ना आमचं ना त्यांचं, अधांतरी राहतं. बाप्तिस्मा देता येत नाही, पुढची सोय करता येत नाही. मी मुलीचं हित पाहिलं. पण त्याच महिन्यात आणखी चार मुली आल्या होत्या. त्यांच्या आयांची नावं, गावं मी व्यवस्थित लिहून घेतली आहेत. आज वही पुन्हा पाहिली. हिचंच तेवढं कोरं आहे.

त्या दिवशी तिने माझं बोट धरलं होतं. सगळी तान्ही मुलं धरतात.

१६ डिसेंबर, रविवार

आजच्यासारखा दिवस पुन्हा नको.

विषय होता ‘इम्मानुएल’. आम्हांबरोबर देव. मी सांगत होते की हे नाव इतर नावांसारखं नाही. यात पराक्रम नाही, अधिकार नाही, नुसतं सोबत असणं आहे. देवाने वरून मदत पाठवली नाही, तो स्वतः आला आणि आपल्यात राहिला. नाताळचा सगळा अर्थ एवढाच आहे. एवढं बोलले आणि शेवटच्या ओळीत, दाराजवळ, निंगव्वा बसलेली दिसली. मांडीवर तेच तान्हं. तिला मुक्ताबाईने बोलावलं होतं, हे नंतर कळलं. माझं मन द्रवेल असं तिला वाटलं असावं.

पुढचं मी कसं संपवलं मला आठवत नाही.

बायका पांगल्यावर निंगव्वा माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने मोकळेपणाने विचारलं, तुमच्या देवाला इतकी नावं कशाला? मी म्हणाले, ज्याला जशी गरज, तसं तो त्याला हाक मारतो.

ती म्हणाली, “मग बरं हाय त्याचं. कशानं बी हाक मारा, वळतोय. आमचं पोर एकाच नावानं वळंल म्हून मी तेवढंच इचारत फिरले.”

मी काही बोलायच्या आत तिने प्यायला पाणी मागितलं. अंगणात मुली खेळत होत्या. करुणा धावत आत गेली आणि तांब्या घेऊन आली. दोन्ही हातांनी धरून आणला, थेंब न सांडता. मीच तिला तसं शिकवलंय. निंगव्वा घटाघटा प्याली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “नाव काय गं तुजं?”

“करुणा.”

“छान हाय,” म्हणाली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक शब्द पुरे होता. मुक्ताबाई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. निंगव्वाने रिकामा तांब्या आपल्याच लेकीच्या हातात दिला, पदर सावरला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.

करुणाने मला विचारलं, बाई, त्या बाळाला तीट का लावली नव्हती?

१८ डिसेंबर, मंगळवार

ठरवलं आहे. सांगायचं, पण नाताळ झाल्यावर. नाटुकलं तोंडावर आलंय, पोरीच्या मनावर आत्ता काही घालणं बरं नाही. पाळकसाहेबांनाही या गर्दीत त्रास नको. सहा वर्षं गेली तिथे आठ दिवसांनी काय बिघडणार.

आज अंगणात करंज्या लाटायला घेतल्या. मुक्ताबाई कामापुरतंच बोलते.

२३ डिसेंबर, रविवार

शेवटची सभा. संदेष्ट्याने सांगितलेली चार नावं: अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती. प्रत्येकावर पाच मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. पहिली दोन झाली. तिसऱ्याला आले आणि अडले. पिता म्हणजे जो आपलं लेकरू ओळखतो, हे वाक्य टिपणात होतं. ते म्हणवेना. खाली बसले.

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सावित्रम्मा म्हणाल्या, बाईंची भक्ती अशी की शब्दच संपतात. पाळकसाहेबांनी मंडळीपुढे माझे आभार मानले. मी मान खाली घालून ऐकून घेतले.

२४ डिसेंबर, सोमवार

सकाळी रंगीत तालीम. करुणाला निळी ओढणी पांघरली, कापडाची बाहुली हातात दिली. मी तिच्या ओढणीला टाचण्या लावत होते तेव्हा तिने विचारलं, “बाई, बाळाचं नाव दुसऱ्यानीच ठरवलं, मग मरीयेला वाईट नाही वाटलं?”

मी म्हणाले, देवाने ठरवलं होतं, म्हणून नाही वाटलं.

“माझं नाव कोणी ठेवलं?”

“मी.”

“त्याच्या आधी काय होतं?”

“आधी नव्हतं,” मी म्हणाले.

ती बरं म्हणाली आणि पळाली. तिला शंकाही आली नाही.

त्या दिवशी मी निंगव्वाला जे सांगितलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, असं मी स्वतःला बजावत आले. आज पोरीच्या डोळ्यांत बघून बोलले ते मात्र धडधडीत खोटं होतं. आणि आता कळतंय, दोन्हींत काही फरक नाही. पहिलं तेवढं मी नीट नेसवून बाहेर पाठवलं होतं.

२५ डिसेंबर, मंगळवार. नाताळ.

चर्च भरलं होतं. पाळकसाहेब साधंच बोलले. म्हणाले, आपण गव्हाणीतलं बाळ बघून गहिवरतो, पण विचार करा, त्या रात्री स्वर्गातल्या बापाने आपलं लेकरू माणसांच्या हाती सोपवलं. ज्यांनी सांभाळलं त्यांनी ते आपलं म्हणून सांभाळलं, पण कोणाचं आहे हे विसरले नाहीत.

ते हे माझ्यासाठी बोलत नव्हते, त्यांना काही माहीत नव्हतं. मी मात्र बाकाची कड धरून बसले.

दुपारी मुली फराळाला बसल्यावर पाळकसाहेबांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. एप्रिलपासून तांब्यापर्यंत. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. त्यांच्या पत्नीने आणून ठेवलेला अनरसा ताटलीत तसाच राहिला. मग ते म्हणाले, “बाई, देवाची क्षमा मी तुम्हाला सांगू शकतो. पण होटगीला तुम्हालाच जावं लागेल.”

मी म्हणाले, उद्याच जाते.

२६ डिसेंबर, बुधवार

सकाळच्या पॅसेंजरने गेले. रुळांकडेला कामगारांच्या खोल्यांची रांग आहे. निंगव्वा दारात ज्वारी पाखडत होती. कडुनिंबाला लुगड्याची झोळी बांधून त्यात तान्ही झोपली होती. मला बघून तिने घाईने घोंगडी अंथरली.

मी बसले नाही. म्हणाले, “तुमची मुलगी जिवंत आहे.”

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. “कुटं?”

“आमच्याकडेच. पहिल्या दिवसापासून. मी तिचं नाव बदललं आणि तुम्हाला नाही म्हणाले.”

तिने सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, “पानी दिलं ती?”

“हो.”

“नाव सांगितलं की तिनं मला. मी छान हाय म्हटलं.”

ती उठली आणि झोळीपाशी गेली. पाठमोरीच बोलू लागली. सासूने जाताना सांगितलं होतं, माझं नाव चालवा. म्हणून पहिलीला ते दिलं. ही धाकटी झाली तेव्हा नवरा म्हणाला, थोरली जिवंत असेल तर एका घरात एकाच नावाच्या दोघी कशा? आधी नक्की करून ये. म्हणून ती सोलापूरला आली होती. एकदा आली, मग त्या रविवारी पुन्हा आली. मुक्ताबाईने येऊन बघ म्हटलं म्हणून आशेने आली होती.

“तुमी कायच बोलला न्हाई. मग मी समजले, गेली. मागल्या बेस्तरवारी हिचं नाव ठिवलं. शेजारच्या बायका आल्या, पाळणा म्हटला, कानात सांगितलं. गौरव्वा.” झोळीची दोरी तिने हातात धरली. “आता दिलेलं काढून कसं घ्यायचं, सांगा. आन थोरलीला काय म्हणू?”

मागच्या गुरुवारी. मी तेव्हा नाताळ होईपर्यंत थांबले होते. आठ दिवसांनी काय बिघडणार, असं मी याच वहीत लिहिलं आहे.

तिने शिवी दिली नाही, शाप दिला नाही. नवरा ड्यूटीवरून आला की सांगते आणि शनिवारी येतो, एवढंच म्हणाली. मी निघताना तिने मला भाकरी खाऊन जा म्हटलं नाही. ते बरं झालं. म्हटलं असतं तर माझ्याने घास गिळवला नसता.

२७ डिसेंबर, गुरुवार

करुणाला आज खोलीत बसवून सांगितलं. सोपं करून सांगायचं ठरवलं होतं, पण ती एकेक प्रश्न विचारत गेली आणि मी एकेक खरं उत्तर देत गेले.

“पाणी मागणारी बाई माझी आई?”

“हो.”

“मग त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?”

“मला भीती वाटली.”

“कसली?”

“तू जाशील याची.”

या वहीत मी आजवर मुलीचं हित, बाप्तिस्मा, नियम असं काय काय लिहिलं. सहा वर्षांत हे उत्तर मला सुचलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीने विचारल्यावर आलं.

मग तिला तिचं आधीचं नाव सांगितलं, आणि ते आता तिच्या धाकट्या बहिणीचं झालं आहे, हेही. ती म्हणाली, मला एकदा त्या नावाने हाक मारा. मी मारली. ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “हाक मला मारल्यासारखी वाटली नाही.”

२९ डिसेंबर, शनिवार

निंगव्वा आणि तिचा नवरा बसलिंगप्पा दुपारी आले. पाळकसाहेब हजर होते. त्यांनी वसतिगृहाच्या समितीशी बोलून ठेवलं होतं. मुलगी आईबापांची आहे आणि त्यांच्याकडेच जाईल, यात कोणाचंही दुमत नव्हतं. होटगीतल्या शाळेसाठी दाखलाही त्यांनी तयार ठेवला होता. बसलिंगप्पाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाळकसाहेबांना त्याने वाकून नमस्कार केला.

करुणाने माझा पदर धरला आणि सोडेना. माझ्या मागे तोंड लपवून रडायला लागली. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते: मला त्या क्षणी सुख वाटलं. ही माझी आहे, बघा सगळ्यांनी, असं वाटलं. मग समोर पायरीवर बसलेल्या निंगव्वाचा चेहरा दिसला.

ती पोरीला ओढायला आली नाही. धाकटीला मांडीवर घेऊन बसून राहिली. तिचे ओठ हलत होते, पण हाक फुटत नव्हती. कुठलं नाव घ्यावं तेच तिला कळत नसावं.  अंगणात सगळ्या मुली उभ्या होत्या.

मग ती म्हणाली, “करुणव्वा. बा, करुणव्वा.”

कानडीत अव्वा म्हणजे आई. त्यांच्याकडे लेकीच्या नावाला ते मायेने जोडतात. बा म्हणजे ये. मी ठेवलेलं नाव तिने टाकून दिलं नाही. त्याला आपलं शेपूट जोडलं आणि आपलं करून घेतलं. जे मला तिच्या नावाचं करता आलं नाही, ते तिने माझ्या ठेवलेल्या नावाचं केलं.

या नावाने करुणाला कधी कोणी हाक मारली नव्हती. तरी ती वळली.

माझ्या पदरावरची तिची मूठ मी सोडवली. एकेक बोट सोडवावं लागलं. तिला पायरीपर्यंत नेलं. निंगव्वाने तिला जवळ घेतलं नाही, नुसती शेजारी जागा करून दिली. करुणा बसली. थोड्या वेळाने तिने बाळाच्या पायाला हात लावून बघितला.

चारच्या गाडीने गेले. मुक्ताबाई त्यांना स्टेशनपर्यंत पोचवून आली. मी गेले नाही. मला कोणी ये म्हटलं नव्हतं.

३१ डिसेंबर, सोमवार

समितीला पत्र लिहून दिलं. मुख्य बाईचं काम आता दुसऱ्या कोणी करावं. ठेवलं तर स्वयंपाकघरात राहीन, नाहीतर माळशिरसला भावाकडे जाईन. पाळकसाहेब म्हणाले, घाई करू नका. मी म्हणाले, घाई न करण्यानेच हे झालंय.

प्रभूला आपण इतकी नावं दिली आणि तो सगळ्यांना ओ देतो. तीन रविवार मी हेच सांगितलं. पण एक आई सहा वर्षं एकच नाव घेऊन दाराशी येत होती, आणि ओ द्यायला आत जी होती तिच्यापर्यंत मी ते पोचू दिलं नाही. याची क्षमा मागते आहे. मिळेलही. गेलेलं नाव परत मिळणार नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी हजेरी घेतली. तोंडपाठ असल्यामुळे वहीत न बघताच घेते. आशा, दया, कृपा, करुणा.

ओ आली नाही. मग दुसऱ्या ओळीतली लहानगी सुवार्ता उभी राहिली.

“ती घरी गेली, बाई,” म्हणाली.

मी पुढचं नाव घेतलं.